बिनखिळ्याचं कपाट

गुरुवार, ७ मार्च
सगळ्यांच्या आधी टपकली ती आफ्रिये! क्वाबेनाची मावशी. मागणी घालायला यायचं शनिवारी, तर बाई आजच हजर. म्हणे, इकडून चालले होते. इकडून कुठे? आमच्या घरापुढे नुसता नाला आहे! थेट बैठकीत शिरली. माझी नात सेरवा शिडीवर, केसांत भुसा, भिंतीतल्या कपाटाचा सांगाडा उघडा.
"हे कपाट की कोंबड्यांचं खुराडं?" वर आणि, "मुलीनं सुतारकी करायची? नवलच बाई!"
माझा जीव खाली-वर. सेरवा नि क्वाबेनाचं एकमेकांवर मन बसलंय, आणि ही मोडता घालणार. कंद कांडून केलेलं फुफू सुपात वाढलं. दोनदा घेतलं. सूप पातळ म्हणाली – वाडगा चाटून!

शुक्रवार, ८
मी थक्क! सेरवानं कपाटावर महोगनीची पॅनेलं चढवली आणि एक खिळा दिसेल तर शपथ. बोट फिरवलं, चष्मा लावला. "अगं, थुंकीनं चिकटवलीस का?" हसली. एक तिरकी पट्टी कपाटाला, दुसरी उलटी पॅनेलच्या पाठीला. वरून खाली सोडलं की एकीत एक अडकते. "काढायचं तर वर उचल आणि ओढ, आजी." मी नाही हात लावला. उद्या पाहुण्यांच्या डोक्यात पडलं तर?

शनिवार, ९

आले. रीतीप्रमाणे दारात उभे राहून "टक टक" म्हणाले. मागणीच्या दारूच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. क्वाबेनाचे मोठे मामा बसेचनात, कपाटाचे खिळे शोधत होते. शोधता शोधता – पॅनेल हातात! आफ्रिये किंचाळली, "घर पडतंय!" मी डोळेच मिटले. सेरवा शांत. "मामा, थोडं वर धरा. आता सोडा." बसलं! मामा इतके खूश, पुन्हा काढून पुन्हा बसवलं.
मग माझ्या भावानं सेरवाला विचारलं, "या बाटल्या घ्यायच्या का?" तीनदा विचारायचं, तीनदा हो आलं की मागणी पक्की. एकदा हो. दुसऱ्यांदा हो. तेवढ्यात आफ्रिये – "लग्नानंतर करवत-रंधा बंद हं! आमच्या सुनेला शोभत नाही."
तिसऱ्यांदा विचारलं.
"नाही," सेरवा म्हणाली.
नाही!! उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं मी असं. क्वाबेनाचं तोंड एवढंसं झालं. पाहुणे उठले. नकार आला की बाटल्या परत न्यायच्या असतात. मामा विसरले की मुद्दाम ठेवून गेले, देव जाणे.

रविवार, १०
चर्चमध्ये सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. लाज वाटायला हवी ना? मला मेलीला आतून गुदगुल्या होत होत्या! घरी आले तर सेरवा रडत होती. बाटल्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून पॅनेलमागे ठेवून दिल्यात तिनं. गुदगुल्या गेल्या.

बुधवार, १३
पुन्हा पहिली तीच – आफ्रिये! बसली नाही. "क्वाबेनानं अंगणात पत्र्याचं छप्पर घातलंय, हिच्या करवतीसाठी. मला विचारलंसुद्धा नाही मेल्यानं!" मग हळूच, "बाटल्या आहेत ना?"
मी स्वतः पॅनेल वर उचललं, ओढलं. नाही पडलं!
शनिवारी येणार आहेत. पुन्हा तिसऱ्यांदा विचारायचंय.