पत्र्याच्या गोठ्यातला पाऊस

मु. कुरुळी, ता. खेड
फेब्रुवारी १९५६

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना दोनदा मागं वळून पाहिलं, सासूबाई चुलीशी आहेत. तुमचं नाव मात्र कागदावरही घ्यायला धजत नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवून घ्या. पाकिटावर ते शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेईन.

दिवाळीत "झरोका बुजवलात तर या घरात पाय ठेवणार नाही" असं म्हणून तुम्ही पिंपरीला निघून गेलात, आणि तुमची पाठ वळताच मामंजींनी तो बुजवला. कंपनीतल्या उंच खिडक्या पाहून तुम्ही हौसेनं गोठ्याच्या भिंतीत झरोका पाडलात, पण तो नेमका नाशिक रस्त्याकडं. येणारा-जाणारा आपल्या चांदी म्हशीच्या कासेकडं बघणार, दृष्ट लागणार, दूध आटणार, हे मामंजींच्या डोक्यात पक्कं. गोणपाट कोंबून वर शेणमातीचा असा लेप दिला की वाऱ्याला शिरायला जागा नाही. तुम्हीही त्यांचेच चिरंजीव, संक्रांतीलासुद्धा आला नाहीत. साऱ्या गावाला तिळगूळ वाटला आणि तुमचा डब्यात ठेवला, तो मुंग्यांनी खाल्ला. मला तुमचा फार राग आला होता, हे लिहूनच टाकते.

मग थंडी पडली आणि गोठ्यात पाऊस सुरू झाला. आभाळ लख्ख, अंगण कोरडं, आणि आत पहाटे चांदीच्या पाठीवर टपटप. "नवा पत्रा फसवा निघाला," मामंजी म्हणाले. गवताचं छप्पर उतरवून चाकणहून मोठ्या ऐटीत पत्रे त्यांनीच आणले होते, त्यामुळं राग काढायला कोणी नव्हतं. वर चढून डांबर फासलं. गळती तशीच. पुन्हा फासलं. धोतर गेलं, मिशीचं एक टोक गेलं, पाऊस काही थांबेना. खाली जमीन ओली, मुताची वाफ डोळ्यांना झोंबायची, चांदी खोकायला लागली आणि दूध निम्म्यावर आलं. तरी मला ऐकवतात, "बघ सूनबाई, झरोका उघडा व्हता तवाच कुणाची तरी नजर बसली."

परवा ते जेवायला बसले असताना मी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, तर झाकणाखालचं पाणी थेट त्यांच्या ताटात. माझी तर गाळणच उडाली. पण त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"ह्याला वरनं डांबर फासलं तर पानी थांबंल व्हय गं?"

मी म्हटलं, "नाही मामंजी, वाफेला बाहेर जायला वाट पाहिजे."

"मंग चांदी बी वाफ सोडती की!" असं म्हणून भात तसाच टाकून पहार घेऊन गोठ्यात.

तुमचा झरोका उघडला, समोरच्या भिंतीत आढ्याखाली आणखी एक पाडला, पत्र्यावर गवताच्या पेंढ्याही चढवल्या. दृष्टीचा बंदोबस्त म्हणून दोन्हीकडं काळी बाहुली, लिंबू-मिरच्या आणि तुमची जुनी वहाण टांगली आहे. आता वाटसरू बाहुलीच बघत उभे राहतात, म्हैस कोणाला दिसतच नाही. गोठा कोरडा झाला, चांदीचा खोकला गेला. गावात मात्र ही सगळी अक्कल मामंजींची आहे, तेव्हा आल्यावर तोंड उघडू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला चौथा महिना लागलाय. मला आई नाही, तेव्हा बाळंतपण इथंच, आपल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. सासूबाई म्हणाल्या, सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवून आत शेगडी ठेवू. त्यावर मामंजी कडाडले, "म्हशीला वारा, आन माझ्या नातवाला कोंडमारा?" पहार घेऊन खोलीत शिरले, भिंतीवर कोळशानं चौकोन काढला आणि तिथंच थांबले. गोठ्यातला त्यांनी पाडलेला झरोका वाकडा झालाय, ते त्यांनाही दिसतं. पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्ये काम ज्योतीरामाचं हाय." तुमचं नाव त्यांनी घेतलं हं, मी फक्त उतरवलं. यापेक्षा जास्त ते काही म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणते, या.

तुमचीच,
सुमन