सुलूच्या ओटीचे तांदूळ

पोलादपूर, ४ डिसें. ६६
बदली होऊन पावसाळा उलटला, गाव अजून बोलत नाही. घाटावर तांदूळ जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. मग बोलेल कोण? चहावालासुद्धा कप ठेवून पाठ फिरवतो. खोलीवर येऊन लेख थोडा पुढे लिहिला, 'धान्यबंदी आणि जुने अर्थशास्त्रज्ञ'. ते विलायतेतले पंडित बंदीच्या विरुद्ध. धान्य मोकळं फिरू द्या, टंचाई असेल तिकडे ते आपोआप जाईल. मला पटतं. आणि सकाळी नाक्यावर मी तेच अडवतो. छान चाललंय.

९ डिसें.
घाटाच्या एस.टी.त सुलू. घरमालकीण पार्वतीबाईंची लेक, सासरी निघालेली. पदरात तांदूळ बांधलेले. "ओटी हाय ती सायेब. वाटेत सोडायची नसते." शिपाई धोंडूही म्हणाला, जाऊ द्या. मी नियम वाचून दाखवला. नियमात ओटी नाही. तिने गाठ सोडली, तांदूळ सरकारी गोणीत ओतले. नारळ तेवढा परत दिला. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

११ डिसें.
पार्वतीबाई माझा हंडा भरून ठेवायच्या, बंद केलं. दारातूनच म्हणाल्या, "पयलं पोर गेलंय तिचं. आता परत दिवस गेलेत. आनि तुमी तिला रिकाम्या ओटीनं धाडलीत." मला माहीत नव्हतं. आमचंही गेलंय, ते त्यांना ठाऊक नाही. हंडा उचलून पाण्याला गेलो.

१७ डिसें.
कामासाठी महाडला. साहेबांना विचारलं, ओटी हा माल धरायचा का? हसले. "तुम्ही फार वाचता बुवा." वाचतो खरा. पंडित म्हणतात, वस्तूचं मोल दोन तऱ्हेचं. एक वापरण्याचं, दुसरं बदल्यात काय मिळेल त्याचं. बाजार चालतो दुसऱ्यावर, आमची बंदीही त्यावरच. ओटीच्या बदल्यात तर काही घ्यायचंच नसतं. म्हणजे तो माल नव्हेच! नऊ तारखेला सुचलं असतं तर... आता लेखात घालून काय उपयोग.

२ जाने. ६७
कुमुद आली वाईहून. आमचं मूल गेल्यापासून माहेरीच आहे. "इथं कुणी बोलतं का हो तुमच्याशी?" म्हटलं, बोलतात की. दुपारी पार्वतीबाई आल्या, माझ्याकडे न बघता तिला पाण्याला घेऊन गेल्या. दोघी उशिरा परतल्या. कु.चे डोळे लाल. काय बोलणं झालं, मला कोण सांगतो.

६ जाने.
कु. गेली. इथे राहायला येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही नाही. निघताना पार्वतीबाईंनी तिची ओटी भरली, नव्या भाताचे तांदूळ. कितीतरी दिवसांत कुणी भरली नव्हती. आणि त्यांनी भरावी!

नाक्यावर गाडी थांबली. धोंडू माझ्याकडे बघतोय. पार्वतीबाई पोचवायला आलेल्या, हळूच म्हणाल्या, "गाठ सोडायला सांगा की हिला पन."

गाडी जाऊ दिली. सगळ्यांदेखत रडू आलं, आवरेना. पार्वतीबाई उभ्याच. "माज्या सुलूचे कुटं हायत?"

गोणी उघडली. सरकारला सगळा तांदूळ सारखा. हात घालून बसलो. तिचे कुठले, कसे ओळखणार.

७ जाने.
लेख फाडला नाही, पण बांधून ठेवला. पार्वतीबाईंच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, सुलूकडे जाऊ या. तांदूळ तुमच्या घरचे, ओटी तुम्ही भरा, मी नुसता बरोबर येतो.

त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"आनि नाक्यावर अडवलं तर?"

"नाक्यावर मीच असतो, पार्वतीबाई."

"तेच तर इचारते."