कोकराचं जावळ

कुकटपल्ली, ९ जानेवारी २०२५

ती. नामदेवदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून एकाच शहरात राहूनही हा कागद. माझ्या नातवाचं, तेजसचं, जावळ वसंत पंचमीला काढायचं ठरलं. आईची घोंगडी पाठव. तू, मी, माझा युवराज, सगळ्यांचं जावळ तिच्यावरच बसवून काढलं. आईमागे ती तुझ्याकडे गेली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, पण त्या दिवशी मला ती हवीच.

सूनबाई शिल्पा माहेरची तेलुगू. लोकर हा शब्द कुठला, असं तिनं विचारलं. मला सांगता येईना. तू मराठीचा मास्तर, तूच लिही.

तुझी त्रिवेणी

चिक्कडपल्ली, १५ जानेवारी

चि. सौ. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद.

प्रश्न वाचून फार बरं वाटलं. संस्कृतात लोम म्हणजे अंगावरचा केस. आपली लव त्यातलीच, आणि लोकरही त्याच घरची, असं जाणकार मानतात. हिंदीतलं ऊन ऊर्णेपासून आलं. तेलुगूतली उन्नी तिचीच नातलग, हे शिल्पाला आवर्जून सांग. त्यांचा बोच्चु, म्हणजे अंगावरचा केस, कुठल्याही जनावराचा असतो, लोकर म्हटलं की आधी मेंढी आठवते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही धनगर जावळच म्हणतात. सगळ्यांत मऊ तीच. आईनं घोंगडी तिचीच विणून घेतली होती.

तुझ्या भामावहिनीचा खोकला बरा आहे. कळावे.

नामदेव

कुकटपल्ली, २० जानेवारी

ती. दादास सा. न.

पत्र चारदा वाचलं. घोंगडी कशाची ते कळलं, कुठं आहे ते कळलं नाही. लहानपणी पाटी फुटली की तू असाच न विचारता पाढे म्हणायचास. कुणाला देऊन टाकलीस का? आईची तेवढी एकच वस्तू उरलीय, दादा. खरं लिही.

त्रिवेणी

चिक्कडपल्ली, २४ जानेवारी

चि. सौ. त्रिवेणीस आशीर्वाद.

दिवाळीआधी भामा बहिणीकडे गेली होती. घोंगडीला कसर लागेल म्हणून मी ती मशीनमध्ये घातली, चांगल्या कढत पाण्यात. बाहेर आली ती पाटाएवढी होऊन. भामा म्हणाली, लोकरीच्या सात पिढ्या ठाऊक, पण ती गरम पाण्यात आटते एवढं ठाऊक नाही! तुला सांगायची छाती झाली नाही. आईची वस्तू माझ्या हातून गेली. उरली आहे ती पाठवतो. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

नामदेव

कुकटपल्ली, ४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

पार्सल उघडून आधी रडले, मग तुझा भयंकर राग आला. जावळाच्या दिवशी भामावहिनी एकट्याच आल्या तेव्हा आणखी आला.

पण वर्षाच्या पोराला जागा लागते किती? तेजस तिच्यावर पाय पसरून बसला, तरी कड उरली. त्याचे केस लोकरीवर पडले आणि असे गुंतले की शिल्पाला वेचता येईनात. तिला म्हटलं, राहू देत. आईला पणतू बघायला मिळाला नाही, तिच्या घोंगडीत त्याचं जावळ तरी असू दे.

घोंगडी आता तुला परत मिळणार नाही. रविवारी जेवायला ये आणि तिची माफी माग. घोंगडी आटली ती आटली, लोभ तेवढा आटू देऊ नये.

तुझी त्रिवेणी