वरचा मजला आणि उळ्याचे दोन डबे

मी, कुसाबाई खंडेराव कुटे, वय अडुसष्ट, शिक्षण मराठी चौथी, मूळ राहणार सायखेडा, तालुका निफाड, हल्ली राहणार सिडको, नाशिक, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धाक घातला नाही की गोड बोलून गळ घातली नाही. माझी नात निकिता हिने माझ्या वहीतले संगणकावर उतरवले आणि ऱ्हस्वदीर्घ नीट केले, मजकुराला हात लावलेला नाही.

हे माझे सातवे मृत्युपत्र. आधीची सहा फाडू का, असे विचारले तर निकिता म्हणाली की फाडायची नाहीत. त्यांच्या कामात जुने लिहिलेले टाकून देत नाहीत, कुठे काय बदलले आणि कशासाठी बदलले ते मागे जाऊन बघता आले पाहिजे. तर ती सहाही तिच्याकडे आहेत. पण सर्वांनी मानायचे ते हेच.

सातव्यांदा लिहायचे कारण माझी मोठी जाऊ भागुबाई. तिच्यावर सदतीस वर्षांपासून एक आळ आहे. तो खोटा आहे, हे मला ठाऊक आहे आणि तो मी जिवंत असताना उतरला पाहिजे. ते पुढे येईलच. आधी घराचे सांगते, नाहीतर सोमनाथ पुढचे वाचणार नाही.

कलम १. सिडकोतले घर यजमानांनी अंबडच्या कारखान्यात पाळ्या करून बांधले. खालचा मजला मुलगा सोमनाथ यास मालकी हक्काने दिला. परसातला शेवगाही त्याचाच, पण शेजारी शेंगा मागतील तेव्हा तोंड वाकडे करू नये.

कलम २. वरचा मजला नात निकिता सोमनाथ कुटे हिला. यास कोणाही वारसाने हरकत घेऊ नये. सोमनाथला तिथे शिकवणीवाल्यांना भाडेकरू ठेवायचे होते, हे मी विसरलेले नाही. निकिता २००३ साली पुण्याची नोकरी सोडून आली तेव्हा तो म्हणाला, "चार पोरं जमवून खेळ मांडलाय." खेळ नव्हे. ही मुले दुसऱ्याच्या कारखान्यात जातात, त्यांचे काम कसे चालते, कुठे अडते ते बघतात, त्यांना सल्ला देतात आणि त्या कामापुरता प्रोग्रॅम लिहून देतात. डाळमिलवाले आले, दवाखानेवाले आले. माझ्या चपला ठेवायच्या जागी सुटाबुटातल्या माणसांचे बूट पाहिले मी.

आणि काम करायची तऱ्हा. मी जन्मात असे पाहिले नाही. रोज सकाळी साडेनवाला सगळी उभी राहतात, उभ्यानेच बोलायचे म्हणजे पाल्हाळ लागत नाही. (मला तिथे बोलू देत नाहीत ते त्यामुळेच.) प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे. आता हे तिसरे बघा. मी सून होते तेव्हा अडले असे म्हणायची सोय नव्हती. आईने काही शिकवले नाही का, म्हणून माहेर निघायचे. इथे पोर म्हणते, "मला हे येत नाहीये," की लगेच दुसरा खुर्ची ओढून शेजारी बसतो. एक लिहितो, एक बघतो. दोघांना एकच पगार मिळतो का, असे मी निकिताला विचारले होते. ती हसली.

दर शुक्रवारी निकिता एकेकाला गच्चीवर नेते आणि चकरा मारत बोलते. आधी मला वाटले, रागवायला नेते. तर ती त्यांना विचारते की माझे काय चुकते. मालकीण विचारते! मी वाळवणाजवळ बसून हे कानांनी ऐकले आहे.

कलम ३. वरच्या मजल्यावरची पूर्वेची भिंत रंगवू नये. तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या लावतात. करायचे काम डावीकडे, हातात घेतलेले मधे, झालेले उजवीकडे. एकदा मीही डावीकडे चिठ्ठी लावली, "गॅसचा नंबर लावणे." दुपारी ती मधे गेली आणि संध्याकाळी उजवीकडे. कोणाला दोनदा सांगावे लागले नाही. मी ती चिठ्ठी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आहे.

कलम ४. शिवणयंत्र सुनेला. पितळी घंगाळ माझ्या नणंदेकडे आहे. उद्या देते म्हणून तिने नेले त्याला एकवीस वर्षे झाली. ते तिलाच दिले. मात्र दिले असे लिहिलेले तिला वाचून दाखवावे.

कलम ५. हे वाटणीचे कलम नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

यंदाच्या मार्चमध्ये वरच्या मुलांकडे पिंपळगावकडच्या एका शीतगृहाचे काम होते. कोणत्या शेतकऱ्याची द्राक्षे कोणत्या खोलीत, हे सगळे संगणकावर. त्या कामावर वरच्या मुलांतली तृप्ती भोये नावाची मुलगी होती, सुरगाण्याकडची, वडील नागली-भात करणारे. त्यांच्याकडे कामाचा एक खरा पडदा असतो आणि एक सरावाचा, त्यात खोटी नावे भरलेली. तृप्तीला सरावाची नावे पुसायची होती. तिने पुसली ती खरी. तीन दिवसांच्या नोंदी गेल्या.

सकाळी सगळे उभे राहिले. अजून कोणाचा फोनसुद्धा आला नव्हता. तिची पाळी आली तशी ती म्हणाली, "माझ्या हातून झालंय. काल सहा वाजता मी खऱ्या नोंदी पुसल्या. आत्ता उघडून पाहिलं तेव्हा कळलं." चहाचा ट्रे माझ्या हातात होता. मला वाटले, संपली ही पोर. निकिता म्हणाली, "बरं केलंस लगेच बोललीस. आधी शीतगृहातून निघणाऱ्या गाड्या थांबवायला सांगू." नोंदींची जपून ठेवलेली नक्कल होती, बारापर्यंत सगळे जागेवर आले.

पण तोवर शीतगृहाचे मालक जीप घेऊन दारात. आवाज गल्लीभर. मी पन्ह्याचे पेले घेऊन वर गेले, पोरीच्या आणि त्यांच्या मधे उभे राहायचे म्हणून. माझी गरज पडली नाही.

मालक म्हणाले, "कोणी केलं तेवढं सांगा. नाव सांगा."

निकिता म्हणाली, "काम आमचं, चूक आमची. नाव नाही मिळणार, काका. काय झालं, कसं झालं आणि पुन्हा का होणार नाही, ते संध्याकाळी लिहून देते."

सत्तावीस वर्षांची पोर! मालक पन्हे पिऊन गेले. संध्याकाळी ते लिहिलेले वाचून त्यांनी दुसरे काम दिले, ते वेगळे.

मग मुले बसली. तासभर बोलली, पण कोणी केले हे एकदाही नाही. लखन, त्यांच्यातला जुना, म्हणाला, "दोन्ही पडदे सारखेच दिसतात. मी बसलो असतो तर मीही हेच केलं असतं." ठरले की खऱ्या पडद्याला वर लाल पट्टी आणि पुसायच्या आधी शीतगृहाचे नाव टाइप करायचे. ते काम दिले कोणाला, तर तृप्तीलाच.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. पाय भरून आले असे सांगितले.

कलम ६. सन १९६८, दिवाळीच्या आधी, सायखेड्याचे घर. आमच्यात उळे, म्हणजे कांद्याचे बी, भागुबाई राखायची. निवडायची, राखेत वाळवायची, कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कोठीत वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे होते, एकात लाल कांद्याचे उळे, एकात उन्हाळ कांद्याचे. डबे सारखे, बीही सारखेच काळे. खूण एवढीच, की उन्हाळचा डबा भिंतीकडे. सारवायला मी डबे काढले आणि उलटे ठेवले. मीच. भागुबाई तेव्हा अंगणात होती.

उन्हाळ म्हणून लाल पेरले गेले. होळीपर्यंत वावरभर डेंगळे, म्हणजे कांदा पोसायच्या आधीच निघणारे फुलांचे दांडे, उभे राहिले, पांढरी फुले बघायला लोक बांधावर यायचे. जो थोडा कांदा साठवणीच्या चाळीत टाकला तो आषाढ लागायच्या आत सडला. सासऱ्यांनी सगळ्यांना ओसरीवर उभे करून एकच विचारले, "कोणी केलं?" मला तेव्हाच कळले होते. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. सासूबाईंनी भागुबाईच्या कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या कमरेला लावल्या. मी त्या लावून घेतल्या. गावाने तिला डेंगळी भागी नाव पाडले. लग्नाकार्यातसुद्धा तिच्या हातात बियाणे कोणी देईना.

कलम ७. सहाव्या मृत्युपत्रात मी माझ्या दोन पाटल्या भागुबाईला लिहिल्या होत्या आणि वरची हकिकत तेराव्या दिवशी सर्वांसमोर वाचावी असे म्हटले होते. मग मला माझीच लाज वाटली. बावीस वर्षांच्या पोरीने दुसऱ्या सकाळी सांगितले, आणि मी तेराव्या दिवशी सांगणार होते, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

सबब आज निकिता, तृप्ती आणि वकील यांना घेऊन मी सायखेड्याला आले आणि भागुबाईच्या ओट्यावर बसून कलम ६ स्वतः मोठ्याने वाचले. शेजारच्या बाया ऐकत होत्या. ऐकू दिले.

भागुबाईने गुडघ्यावरची लुगड्याची घडी नीट केली. मग म्हणाली, "कुसे, मला वाटायचं मीच ठेवले असतील उलटे. घरात बी आलं की मी हात मागं घ्यायची. मलाच माझा भरवसा नाय राहिला."

मी म्हणाले, बाई, मारायचे तर मारा.

"आता मारून काय व्हतंय. तुझं हाड मोडलं तर निस्तरायचं माझ्याच ओट्यावर." मग वकिलांकडे वळून विचारले, "ह्या कागदावर मला काय दिलं म्हणता?"

वकिलांनी पाटल्या सांगितल्या, त्या याही कागदात तशाच ठेवल्या होत्या. पुढे हेही सांगितले की आणखी एक साक्षीदार हवा आहे, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष न करणे बरे.

"साक्षीदार म्हंजे हे सगळं खरं म्हणणारा?"

"तुमच्यादेखत सही झाली असं म्हणणारा," वकील म्हणाले. "नाव मात्र कागदावर कायम राहतं."

"मंग पाटल्या खोडा," भागुबाई म्हणाली. "माझं नाव साक्षीला घाला."

म्हणून पाटल्या खोडल्या आणि हे कलम ओट्यावरच लिहून पुरे केले. त्या सुनेला जातील. वकिलांनी भागुबाईच्या धंद्याच्या जागी घरकाम लिहिले होते, ते तिने वाचायला लावले आणि बदलून घेतले.

येणेप्रमाणे मी हे समजून उमजून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, आनंदाने लिहून दिले.

सही: कुसाबाई खंडेराव कुटे
ठिकाण: सायखेडा. दिनांक: १६ मे २००६

साक्षीदार:
१. तृप्ती झिपरू भोये, वय २२, धंदा नोकरी, रा. सुरगाणा, हल्ली सिडको, नाशिक. (सही)
२. भागुबाई गोटीराम कुटे, वय ७४, धंदा शेती व घरचे बियाणे राखणे, रा. सायखेडा. (डाव्या हाताचा अंगठा)