लॅपटॉपच्या बॅगेतले टॉवेल

बाबा,
भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. बादलीतले टॉवेल तेलाचे आहेत, त्यांत तुमचे शर्ट भिजवू नका.

लॅपटॉपची बॅग आज घरीच ठेवून जातेय. एवढ्या पगाराची नोकरी सोडून मी मसाज करते, हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तुम्ही ती रोज माझ्या खांद्याला अडकवता आणि मी तिच्यातून टॉवेल नेते. आता पुरे. काल समोरच्या काकांना तुम्ही माझ्या बढतीचं सांगितलंत म्हणे. त्यांनी बिचाऱ्यांनी निमूट ऐकून घेतलं. महिनाभर त्यांची पाठ मीच चोळतेय.

शर्ट घालताना तुमचा उजवा हात वर जात नाही, ते मला दिसतं. आज काकांच्या नंतरची वेळ तुमच्यासाठी ठेवलीय. त्यांच्याबरोबरच या. रस्ता त्यांना माहीत आहे.