खोल वाजणारा चेंडू

नगर, छावणी बाजार
ता. ९ डिसेंबर १९४८, गुरुवार

चि. कानिफनाथ यास रज्जाकचाचाची दुवा. चाचीचीही घे. ती मागे सुपारी कातरत बसली आहे आणि एवढं काय लिहिता म्हणून विचारते आहे. पोराच्या तब्येतीची चौकशी करतो, असं तिला सांगितलं. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. पत्र वाचून झालं की ते वाक्य खोडून टाक.

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. लष्कराच्या बास्केटबॉलच्या संघात तुझी निवड झाली, अठरा तारखेला इथल्याच मैदानावर सामना, आणि एकोणीसला तू थेट शिंगणापूरला घरी जाणार. 'आता दादांना विचारत बसत नाही, सरळ जातो' असं लिहिलंयस. जा, बेटा. तुझं घर आहे. पण हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोनईच्या मोटारीत बसू नकोस, एवढं चाचाचं ऐक.

दुकान बरं चाललंय म्हणायचं. घोडे कमी झाले, गोरे गेले, आता खोगिरांपेक्षा मोटारींच्या गाद्याच जास्त शिवतो. गेल्या सालापासून बाजारातले लोक मला हाक मारताना जरा थांबतात. मारतात, पण आधी थांबतात. माझे कान तुला ठाऊक आहेत. तबेल्यात शेण उचलणारा पोरगा दुकानाच्या पाटीपर्यंत आला तो त्याच कानांवर. घोडा पुढून गेला की कुठला नाल ढिला आहे ते मी न बघता सांगायचो, म्हणून साहेबानं मला कातड्याच्या कामावर घेतलं. तेच कान पुढे माझ्या मुळावर आले.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो. शाळेचा फाटलेला चेंडू काखेत धरून दारात वाकून उभा. दाराला नव्हे, आपल्या उंचीला लाजून वाकलेला. चौदा वर्षांचा आणि माझ्याहून हातभर उंच. मी म्हणालो, "सरळ उभा राहा रे, छप्पर माझं आहे, पडलं तर मी बघीन." तू हसलास आणि म्हणालास, "आमच्याकडं टोपलीत भाकरी टाकत्यात, हितं चेंडू टाकत्यात."

मग तूच घरून मोटेच्या तोंडाची जुनी लोखंडी कडी आणलीस. दुकानामागच्या चिंचेला ती मी ठोकून दिली. शाळा सुटली की तू तिथं. मी आत टाके घालत बसायचो. कडीला लागून चेंडू पडला की ठण्ण वाजायचं. नीट मधून गेला की काहीच वाजायचं नाही, नुसता मातीत पडल्याचा धप्प. आत बसून मी त्या न वाजण्याची वाट बघायचो. पहिल्या महिन्यात विसात दोन. दिवाळीपर्यंत विसात पंधरा. तुमचे खेळाचे सहादेव मास्तर म्हणायचे, हा पोरगा मागे न बघता उलटा पळतो, हे कुणी शिकवलं? कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून बापाबरोबर मोट हाकलेली. बैल उलटे चढवायचे आणि आपणही उलटे पाय टाकायचे. छावणीतले गोरे तुला चुकवायला जायचे आणि तू उलट्या पावलांनी त्यांच्या पुढेच. अनवाणी. त्यांच्या बुटांचा आवाज यायचा, तुझा नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. मी लांबण का लावतोय, तेही एव्हाना तुला कळलं असेल.

चव्वेचाळीसचा तो फेब्रुवारी. शाळेचा सामन्याचा चेंडू. लढाईच्या दिवसांत दुसरा मिळणं शक्य नव्हतं. फुगा फुटला म्हणून माझ्याकडे आला होता. मी आतून ठिगळ लावलं, वरून कातड्याची वादी ओवली. दुपारी जेवायला घरी जाताना तुला म्हणालो, बस दुकानात. तू पाणी प्यायला हौदावर गेलास आणि आलास तर चेंडू नाही. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "दाराला कडी लावली होतीस?" तू म्हणालास, "न्हाई." "का नाही?" "आमच्याकडं लावत न्हाईत." सगळा वर्ग हसला. शिंगणापूरच्या घराला दार नसतं आणि तिथला पोरगा कडी लावायला कधी शिकलेला नसतो, हे शहरातल्या शाळेला कोण समजावणार? त्यांनी सरळ हिशेब केला: चेंडूचा सगळ्यात जास्त नाद कुणाला? तुला. मॅट्रिकच्या तोंडावर तुझं नाव कमी केलं.

चार दिवसांनी जुम्म्याची नमाज पढून दुपारी घरी येत होतो. आमच्या परसात कुणीतरी चेंडू आपटत होतं. तीन ठोके कोरडे, चौथा खोल. माझ्या ठिगळाचा आवाज, दुसऱ्या कुठल्या चेंडूचा तो नव्हता.

आमचा महमूद होता.

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही. एवढंच म्हणाला, "अब्बा, माझ्यासाठी तुम्ही कधी कान लावून बसलात?" मी त्याचा हात सोडला. आणि सोमवारी लष्कराच्या कारखान्यात भरतीसाठी त्याची परीक्षा होती. चोर म्हणून नाव गेलं असतं तर दारातूनही आत घेतलं नसतं. मी म्हणालो, चेंडू ठेवून दे. त्यानं तो ज्वारीच्या कणगीत पुरला. दुसऱ्या दिवशी तुझे वडील शिंगणापूरहून चालत आले. दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले, वर आले नाहीत. म्हणाले, "रज्जाकभाई, आमच्या गावात कुलूप न्हाई. चोर झाला त्याला आमच्यात जागा न्हाई. त्याला सांगा, आमच्याकडं येऊ नगं." मी समोर बसलो होतो. हातात आरी होती. मी खाली बघून टाका घातला.

तू त्याच आठवड्यात फौजेत गेलास. वय दोन वर्षं वाढवून सांगितलंस, उंचीमुळे कुणी विचारलं नाही.

पुढचं लिहायला मला त्याहून जड जातंय.

दादांसाठी तुझं पहिलं पत्र माझ्या पत्त्यावर आलं ते मी सोनईच्या बाजारात तुझ्या बापाला, पुंजारामभाऊंना, वाचून दाखवायला घेतलं. 'ती. दादांस' एवढं वाचलं आणि ते उठून गेले. त्या पत्रात तू लिहिलं होतंस, दादांनी तोंड फिरवलं असेल तर कशाला खेळू, रायफल आहेच जवळ. ती ओळ मी तीनदा वाचली. मग मी उत्तर लिहिलं. 'बाप बरा आहे, राग ओसरतोय, खेळत राहा, आत्ता येऊ नको, ज्वारी निघाल्यावर ये.' आणि खाली त्यांचा म्हणून अंगठा उठवला. माझा. त्यानंतर दर दिवाळीला, दर पाडव्याला. रेजिमेंटमध्ये पहिला आलास तेव्हा 'छाती भरून आली' असं लिहिलं ते मी. 'तुझी आई तुझ्या नावानं दिवा लावते' एवढंच त्यातलं खरं. झुंबरवहिनी खरंच लावायच्या, नवऱ्याला दिसू नये म्हणून गोठ्यात.

ती सगळी पत्रं तू पेटीत जपून ठेवली आहेस असं मागे लिहिलं होतंस. बाहेर काढ. प्रत्येक ठशात मधोमध आडवी पांढरी रेघ दिसेल. आरी लागलेली जुनी जखम आहे ती. पुंजारामभाऊंच्या अंगठ्यावर रेघ नाही.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. मी म्हणालो, चला नगरला, मोतीबिंदू आहे, डॉक्टर काढतात, मी बरोबर असतो. ते म्हणाले, "काढायचा न्हाई. चोरावर आमच्या देवाची नजर पडती, त्याचं डोळं जात्यात. मी शिळेपुढं पदर पसरला हुता, पोराचं माझ्यावर घाल म्हनून. त्यानं घातलं. आता काढून टाकलं तर परत त्याच्याकडं जाईल." आणि बेटा, हे सांगताना त्यांच्या तोंडावर समाधान होतं. तू कुठंतरी नीट बघत, पळत असशील, याचं. मी तिथं बोललो असतो तर ते माझ्याबरोबर नगरला आले असते. महमूद कारखान्यात कायम व्हायचा होता. मी नुसता म्हणालो, जशी तुमची मर्जी.

महमूद गेल्या वर्षी कराचीला गेला. एक ओळ नाही. तो मागे सोडून गेलेल्या पेटीत तळाशी चेंडू निघाला. तू म्हणशील, पोरगा गेल्यावर चाचाला खरं सुचलं. तेही पुरतं खरं नाही. पोरगा गेल्यावरही मी वर्षभर गप्प होतो. तुझं कार्ड आलं, तू आता विचारणार नाहीस हे कळलं, तेव्हा मात्र पळायला जागा उरली नाही.

परवा मंगळवारी चेंडूत हवा भरून, तो पिशवीत घालून शिंगणापूरला गेलो. ते ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं. चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवला. तुझ्या बापानं आजवर चेंडू हातात घेतला नव्हता. त्यांनी तो चाचपला, शिवण चाचपली, वादी चाचपली. म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"

वहिनी चुलीपुढं उठून उभ्या राहिलेल्या. मग ते म्हणाले, "रज्जाकभाई, मग माझं डोळं कशापायी गेलं?"

काल त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आत पिकून फुटला आहे, आता नजर यायची नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर. आज सकाळी त्यांना गावी सोडून आलो. वाटभर चेंडू मांडीवर धरून होते.

हे पत्र आज टाकणार नाही. उद्या गावी जातो आणि त्यांना आधी वाचून दाखवतो. यापुढे त्यांच्या पाठीमागे एक ओळही लिहायची नाही, असं ठरवलंय.

शिंगणापूर, शुक्रवार, दुपार

वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून. या वेळी उठून गेले नाहीत. मोटेच्या कडीपाशी त्यांनी मला थांबवलं, "ती कडी मी हुडकत हुतो." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग आत गेल्या.

शेवटी मी विचारलं, पोरगा येणार म्हणतोय, काय लिहू? म्हणाले, "लिवू नगं. तुमी लई लिवलं." ते बरोबरच होतं. मी कागद घडी घालायला घेतला.

तेव्हा म्हणाले, "त्यो आला तर मला वळखायचा कसा? दार न्हाई की कडी वाजंल. अनवानी चालतो, पाऊल वाजत न्हाई." मी म्हणालो, आता बूट घालतो. ते म्हणाले, "हितं काढंल." मग मांडीवरचा चेंडू माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ह्यो त्याला द्या. आपटत यी म्हनावं. चौथा खोल वाजतो, मी मोजलाय."

चेंडू पार्सल करत नाही. अठराला मी मैदानावर येईन, कुंपणाबाहेर उभा राहीन. तुला माझं तोंड बघायचं नसलं तर चेंडू तारेखालून आत सोडीन आणि जाईन. बोलाव अशी माझी मागणी नाही. मी तिथं डोळे मिटून तुझा खेळ ऐकेन. न वाजलेले मोजीन.

खाली डावीकडे अंगठा आहे. तो मी मागितला नव्हता. त्यांनीच हात पुढे केला आणि शाई विचारली. जुन्या पत्रांशी ताडून बघ. याच्यात रेघ नाही.

(निशाणी, डाव्या हाताचा अंगठा)
तुझा बाप, पुंजाराम

लिहिणार: खोटी पत्रं लिहून आज पहिलं खरं लिहिलेला,
रज्जाक, जीन शिवणारा