माझ्या नावापुढची विक्री

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याला आता उतार असेल. इथे सान्वीची सहामाही चालू आहे, कौस्तुभ ठीक आहे, मीही ठीक आहे. पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘यंदा भाऊबीजेला येणार नाही’ एवढंच लिहून गप्प बसलायस. मग मी दुसरं काय करणार?

आधी तुझ्या रागाबद्दल. सप्टेंबरमध्ये मी आमच्या कंपनीचे माझे सगळे शेअर्स विकले. कंपनीने नियमाप्रमाणे ते स्टॉक एक्स्चेंजला कळवलं. निवृत्त झाल्यापासून तू पेपरच्याही आधी एक्स्चेंजची वेबसाइट वाचतोस, त्यामुळे माझं नाव तुला दिसलंच. कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात बसणारी बहीण सगळं विकून मोकळी झाली म्हणजे कंपनी बुडतेय, असा तर्क तू लढवलास. स्वतःचे विकलेस, वहिनीच्या भावाला, हरिश्चंद्रलाही विकायला लावलेस आणि मग मला फोन केलास. “परक्यासारखं वेबसाइटवर वाचायला लागलं मला. सख्ख्या भावाला एक शब्द सांगवला नाही तुला?”

दादा, आतलं काही माहीत असताना मला विकताच येत नाही. आतलं काही माहीत नाही, असं आम्हाला आधी लिहून द्यावं लागतं, मग साहेब परवानगी देतात, तीही थोड्याच दिवसांची. आणि माहीत असून तुझ्या कानात सांगितलं असतं, तर तुला आणि मला दोघांनाही नोटीस आली असती. आता तिमाही संपली आहे. निकाल जाहीर होईपर्यंत आम्हाला खरेदी-विक्री बंद. निकाल कसा असेल ते विचारू नकोस. बरा की वाईट, मी अवाक्षर लिहिणार नाही.

तू काय बघायला हवं होतंस ते मात्र सांगते, ते कुणालाही सांगता येतं. मालकांनी विकलेत का? नाही. वरचे चार-पाच अधिकारी एकाच सुमारास विकतायत का? नाही. मालक दर थोड्या दिवसांनी आपला हिस्सा कमी करत असतील आणि कारण सांगत नसतील, तर जरूर कान टवकार. इथे एका नोकरदार बाईने विकले. आमच्यासारखी माणसं मुलांच्या फीसाठी विकतात, ऑपरेशनसाठी विकतात, घरासाठी विकतात. त्या नोंदीत कोणी, किती, कधी एवढंच असतं. कशासाठी, ते नसतं. ते विचारावं लागतं. तू माझं नाव वाचलंस आणि काळजी कंपनीची केलीस.

घरासाठी विकले, दादा. इथून जवळच हाटकेशला वन आरके घेतलंय, एक खोली आणि किचन, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्या एकटीच्या नावावर. आता तू म्हणशील, इंद्रलोकचा टू बीएचके असताना हे कशाला, भाड्याने द्यायचंय का? नाही. मी आणि सान्वी तिथे राहायला जातोय.

वर लिहिलं कौस्तुभ ठीक आहे. तो ठीकच आहे. मारत नाही, पीत नाही, बाहेर काही नाही. हे आधीच सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. तो माझ्याशी बोलत नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील. काही हवं असलं तर सान्वीला म्हणतो, आईला सांग. तू आलास की तुम्ही दोघं मॅचवर गप्पा मारता, मी पोहे आणते, आणि तुला वाटतं घर कसं छान चाललंय. मे महिन्यात मी त्याला विचारलं, असं किती दिवस चालायचं. टीव्हीवरून नजर न काढता तो म्हणाला, “फ्लॅट माझ्या नावावर आहे. जमत नसेल तर तू बघ तुझं.” मग मी माझं बघितलं.

तुला सांगितलं नाही, कारण हे स्थळ तू आणलं होतंस. बाबा नव्हते, तूच सगळं केलंस. हे ऐकून तू स्वतःला बोल लावशील आणि ते मला बघवणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही, दादा. पण फोनवर हे बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं. सान्वी रोज विचारायची, “मामाला तू सांगतेस की मी सांगू?”

शेअर्स विकलेस ते विकलेस. परत घ्यायचे का, ते कंपनीचे कागद वाचून ठरव, माझ्याकडे बघून नको. हरिश्चंद्रलाही तेच सांग. बाकीचं त्याला सांगू नकोस, वहिनीला सांग.

गुरुवारी आम्ही सामान हलवतोय. तू भाऊबीजेला येणार नाही म्हणालास ते कंपनीवरून. आता खरं कारण कळलंय, तेव्हा पुन्हा एकदा ठरव. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सोफा अजून घेतलेला नाही, तुला खाली सतरंजीवर बसावं लागेल, आणि गप्पा मारायला मी आणि सान्वीच असू. आला नाहीस तर मी रागावणार नाही, पण मला फार वाईट वाटेल. दारावर माझ्याच नावाची पाटी आहे, शोधायला त्रास होणार नाही.

वाट बघणारी,
तुझी उर्मिला